बायोडाटातली शेवटची ओळ

(रोहा येथे रविवारच्या उपासनेनंतर मंडळीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बाहेर चहा ठेवलेला आहे हेही मला माहीत आहे, त्यामुळे फार ताणणार नाही. गेली काही वर्षं तुम्ही पावसाळ्याआधी ताडपत्र्या दिल्यात, नाताळात चादरी दिल्यात, शाळा सुरू होताना वह्या दिल्यात. ते सगळं पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांवर पोचलं. आज मी वस्तू किंवा पैसे मागायला उभी नाही. आज माझ्या हातात एक कागद आहे. हा एका कातकरी मुलाचा बायोडाटा आहे. याच कागदाबद्दल मला बोलायचं आहे.

या मुलाची गोष्ट आधी सांगते. नाव सांगणार नाही. दहावीला गणितात राहिला, पुन्हा बसला नाही. अठरा पूर्ण झाल्यावर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायला लागला आणि तीन हंगाम गेला. तुमच्यापैकी ज्यांचा वाड्यांशी संबंध येतो त्यांना हे माहीत आहे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की वाडी रिकामी होते, आणि पावसाच्या तोंडावर माणसं परत येतात. पावसाळ्यात घेतलेली उचल भट्टीवर फेडायची, हा क्रम. एकविसाव्या वर्षी त्याने ठरवलं की आता भट्टी नको. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका ठिकाणी हेल्पर घेत होते. तो गेला. समोरच्या साहेबांनी कागद बघितला आणि विचारलं, "शाळा सोडून चार वर्षं झाली. मधल्या काळात काय केलंस?"

हा म्हणाला, "काही नाही."

साहेबांनी कागद परत दिला. त्यांची चूक होती असं मी म्हणत नाही. चार वर्षं काही न केलेला मुलगा कोण कामावर घेईल?

पण तो खोटं बोलला का? त्याच्या मते नाही. त्याला खरोखरच वाटत होतं की नोकरी म्हणजे गेट, कार्ड आणि पगार. पहाटे तीनला उठून गारा तुडवणं, साच्याने विटा पाडणं, त्या उलट्यापालट्या करून वाळवणं, भट्टी रचणं, ट्रक भरणं याला त्याने कधी काम म्हटलंच नव्हतं. घरचा धंदा, बस. एक कुटुंब दिवसाला हजाराच्या आसपास विटा पाडतं, आणि हा मुलगा म्हणतो काही नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तो कागद त्याला मीच करून दिला होता. घाईत होते. झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना होता, त्यात नाव बदललं आणि दिला. वरती इंग्रजीत दोन ओळी होत्या, की नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःच्या कौशल्याचा विकास साधणे हे माझे ध्येय आहे. खाली छंद म्हणून वाचन, क्रिकेट आणि संगीत. साहेबांनी त्याला त्या दोन ओळींचा अर्थही विचारला होता. हे मला पुढे दीड महिन्यानं कळलं, कारण तेवढे दिवस तो माझ्यासमोर आला नाही. मी वाडीवर गेले की तो मागच्या बाजूने जंगलात जायचा. शेवटी त्याच्या आजीने मला सांगितलं, "बाई, तुझ्या कागदानं पोराची लाज गेली."

त्या दिवसापासून मी तयार नमुना वापरणं बंद केलं. (आणखी एक नमुना त्या दुकानांत असतो, तो लग्नाचा. एक मुलगा पेणहून तो भरून घेऊन आला होता. उंची, वर्ण, रास, आणि शेवटी 'अपेक्षा: सुस्वभावी व गृहकृत्यदक्ष'. कंपनीकडून त्याची ही अपेक्षा वाचून आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला.)

आता आम्ही काय करतो? मी त्याच्या घरी बसते आणि आम्ही एक अख्खी संध्याकाळ बोलतो. लिहायचं नंतर. कुठे गेलास, किती महिने, कोणतं काम तुझ्याकडे होतं, काही बिघडलं तर कोण कोणाला हाक मारायचं. याच मुलाशी पुन्हा असं बसले तेव्हा कळलं की आईबाप दोघं निरक्षर, म्हणून भट्टीवरचा विटांचा हिशेब हाच ठेवायचा. चाळीस पानी वही. तारीख, किती पाडल्या, किती पावसानं खराब झाल्या, आठवड्याची खर्ची किती घेतली. शेठचा आकडा आणि याचा आकडा जुळला नाही तर हा वही घेऊन उभा राहायचा. वही अजून होती, छपराच्या वाशात खोचलेली.

मग आम्ही मराठीत, साध्या शब्दांत लिहिलं: वीटभट्टीवर काम, तीन हंगाम. विटा पाडणे, वाळवणे, भट्टी रचणे, माल भरणे. कुटुंबाच्या रोजच्या उत्पादनाचा व उचलीचा लेखी हिशेब ठेवणे. ध्येय काढलं. छंद काढले. संगणकाचा कोर्स केलेला नव्हता, म्हणून लिहिला नाही. कागद अर्ध्या पानाचा झाला. अर्धा पुरतो. हाच कागद एका कारखान्यात स्टोअरमध्ये हेल्पर हव्या असलेल्या ठेकेदाराने बघितला आणि फक्त एकच प्रश्न विचारला, "वही आणू शकशील का?" त्याने वही नेली. आज तो तिथे कामाला आहे.

ही गोष्ट ऐकून वाटेल की सगळं असंच जमतं. तसं नाही. म्हणून दुसऱ्या मुलाचीही सांगते.

हा ठाकर वाडीवरचा, आठवीनंतर शाळा सुटलेला. जागा चांगली होती, दहावी पास हवा होता. आपल्याच मंडळींपैकी एका भावाने, अगदी चांगल्या मनाने, सुचवलं की लिहून टाका दहावी पास, हेल्परच्या जागेला मार्कशीट कोण बघतंय. मी नाही म्हटलं. मुलगा माझ्याकडे बघत होता, त्याचा बाप बघत होता. जागा गेली. नंतर आम्ही १७ नंबरचा फॉर्म भरला. ज्यांना शाळेत न जाता दहावीला बसायचं आहे त्यांच्यासाठी बोर्डाची ती सोय आहे. मजुरी करत अभ्यास, पहिल्या वेळी इंग्रजी गेलं, दुसऱ्या वेळी सुटला. आज त्याच्या बायोडाटावर दहावी पास लिहिलेलं आहे आणि मार्कशीट सोबत जोडलेली आहे. पण त्यात त्याची जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि ती माझ्या 'नाही' म्हणण्याने गेली. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. तरी त्याची आई दिसली की मला ती दोन वर्षं आठवतात.

इथे बसलेल्या तरुण संघातल्या मुलामुलींना एक सांगते. ज्यांना सगळ्या परीक्षा पुन्हा देणं शक्य नाही त्यांनीही आयटीआयची चौकशी करावी. वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालते. आपल्या भागात रसायनांचे कारखाने आहेत, त्यामुळे केमिकल प्लांटच्या अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड दहावीवाल्यांनी जरूर बघावा. त्यानंतर अ‍ॅप्रेंटिस म्हणून कारखान्यात शिकता येतं, विद्यावेतन मिळतं, आणि बायोडाटात लिहायला कोणी नाकारू शकणार नाही अशी एक ओळ मिळते.

पेणच्या बाजूच्या मुलींचं वेगळं आहे. हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, पेण शहरात तर आहेतच, आणि वाड्यांवरच्या मुली तिथे घासकाम, रंगकाम करतात. भगिनी मंडळात एकदा मला विचारण्यात आलं की हे काम बायोडाटात कशाला लिहिता. मी लिहिते. तिने महिनोन्‌महिने वेळेवर जाऊन हात न थरथरता रंग लावला आहे, हे खरं आहे आणि तिचं आहे. ती उद्या पॅकिंगच्या किंवा पेंटच्या कामाला गेली तर हेच विचारणार आहेत. आपल्याला काय रुचतं हा वेगळा विषय, त्यावर चहाच्या वेळी बोलू.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर संध्याकाळ होईल. वाड्यांवर विचारलं तर अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जून. शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नव्हती, गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. आधारवर दुसरीच तारीख. दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, आणि बँकेच्या पासबुकावर बापाचं नाव आधी. माणूस एकच, पण गेटवरच्या माणसाला ते तीन वाटतात. म्हणून बायोडाटा करायच्या आधी सगळे कागद एका चादरीवर मांडायचे आणि नावं जुळवायची. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा खैराच्या झाडाचा कात काढत रानोरान फिरले, त्यांनी १९५० सालचा कागद कुठून आणायचा? शाळेत गेलेलं एखादं चुलतं-मावसं शोधावं लागतं. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींसाठी आहे. तिच्या शिबिरांतून दाखल्यांची कामं होतात, आणि पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तिथेही जाता येतं. सोबत लिहितावाचता येणारं कोणी असेल तर काम एका फेरीत होतं, नसेल तर चार फेऱ्या. प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी.

आता ज्यासाठी आले त्या गोष्टीकडे येते. हा कागद बघा. नाव आहे, पत्ता आहे, शिक्षण, काम, भाषा. सगळ्यांत खाली एक ओळ आहे, 'संदर्भ'. म्हणजे, या मुलाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं आणि फोन नंबर. ही ओळ कोरी आहे.

आपल्या मुलांच्या बायोडाटात ही ओळ कधी कोरी राहत नाही. शाळेचे मुख्याध्यापक, काका बँकेत, शेजारचे साहेब कंपनीत. नाव विचारायला आपल्याला एक फोन पुरतो. रोह्याचा अभिमान म्हणून आपण चिंतामणराव देशमुखांचं नाव घेतो, आणि घ्यावंच. १९१२ सालच्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ते त्यांच्या बुद्धीचं यश आहेच. पण त्यांचे वडील वकील होते. घरात कागद वाचणारा, अर्ज समजणारा माणूस होता. वाडीवरच्या मुलाला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत. आजी ओळखते, वाडीचा जाणता ओळखतो, वीटभट्टीचा शेठ ओळखतो. पण आजीच्या नावाला गेटवर किंमत नाही, आणि शेठ चांगलं का बोलेल, त्याचा तर हक्काचा माणूस चालला.

धर्मज्ञानाचा डिप्लोमा करत होते तेव्हा रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आम्ही एका तासात उरकला होता. नुसती नावं, त्यात शिकायचं काय, असं वाटलं. आता तो अध्याय मी वेगळा वाचते. पौल फिबीची शिफारस करतो. ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे हे सांगतो, तिला लागेल ती मदत करा म्हणतो, आणि का करा हेही सांगतो: तिने पुष्कळांना आणि खुद्द त्याला साहाय्य केलं आहे. पुढे एकेकाचं नाव घेऊन काहींनी काय केलं ते लिहितो. मरियेनं पुष्कळ श्रम केले. प्रिस्क आणि अक्‍विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. ज्याच्या हातून पत्र लिहून घेतलं त्या तर्तियाचाही नमस्कार त्यात आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तर तो अनेसिमासाठी स्वतः जामीन राहतो, याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड म्हणतो. आणि अनेसिम कोण, तर पळालेला गुलाम.

तर माझी विनंती अशी आहे. तुमच्यापैकी जे धाटावला, नागोठण्याला, डोलवीला कामाला आहात, जे शाळेत, दवाखान्यात, बँकेत आहात किंवा निवृत्त झाला आहात, त्यांनी एका मुलाच्या किंवा मुलीच्या कागदावर आपलं नाव द्यावं. पण न ओळखता देऊ नये. मला सह्या गोळा करायच्या नाहीत. आधी दोन-तीनदा भेटा. तो सांगितलेल्या वेळी येतो का बघा. घरी बोलवा, एखादं काम द्या, त्याचे पैसे द्या. नंतर जे दिसलं तेवढंच सांगा. 'मी याला चार महिन्यांपासून ओळखतो, वेळेवर येतो, कमी बोलतो' एवढं सांगितलं तरी खूप झालं. आणि नाही पटला तर मला स्पष्ट सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.

आणि कृपा करून त्याला विचारू नका की उपासनेला येतोस का. तो आला तर आनंद आहे. पण नोकरीच्या कागदाच्या बदल्यात कोणी चर्चमध्ये आलं, तर तो कागदही खोटा आणि येणंही खोटं. मला वाड्यांवर यावरून प्रश्न विचारले जातात, आणि मला सरळ उत्तर देता आलं पाहिजे.

तुमचा फोन नंबरही लागेल. हे लहान वाटेल. वाडीवर घरात एक मोबाइल, त्याचा रिचार्ज संपला की नंबर बंद. मागच्या वर्षी एका मुलीला दवाखान्यातून कामासाठी बोलावणं आलं, तीन वेळा फोन केला, लागला नाही, त्यांनी दुसरीला घेतलं. आता आम्ही बायोडाटात दोन नंबर लिहितो. दुसरा नंबर अशा माणसाचा, ज्याचा फोन कायम चालू असतो आणि जो निरोप पोचवतो.

नोकरी लागल्यानंतरचंही ऐका, कारण मुलं लागतात आणि दोन महिन्यांत सुटतात, मग लोक म्हणतात यांना कामाची सवय नाही. पहाटे तीनला गारा तुडवणाऱ्याला कामाची सवय नाही? सुटण्याची कारणं साधी असतात. वाडीवर मयत झालं, हा न सांगता चार दिवस गेला, पाचव्या दिवशी लाजेनं परत गेलाच नाही. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, हा डबा उचलून निघाला. दुसरी पाळी रात्री सुटते, त्यानंतर वाडीकडे जायला काही नाही. अशा वेळी त्याला कोणीतरी सांगावं लागतं की फोन करून रजा मागता येते, चार दिवसांनी गेलं तरी बहुतेक वेळा ऐकून घेतात. हे आपल्या मुलांना आपण जेवताना सांगतो. त्याच्या घरात हे सांगणारं कोणी नाही, कारण रजा नावाची गोष्ट त्या घरात कोणाला कधी मिळालेली नाही.

पुढे जायचं तर कागद वाढला पाहिजे. ठेकेदार बदलला की मुलं नव्याने सुरुवात करतात, पीएफचा नंबरही नवा काढून घेतात. तो यूएएन नंबर बारा आकडी असतो आणि आयुष्यभर एकच ठेवायचा असतो. वहीत लिहून ठेवा, नव्या ठेकेदाराला तोच द्या. त्यातच पैसे जमतात, आणि कुठे किती काळ काम केलं याची नोंदही राहते. काम सोडताना दोन ओळींचं अनुभवाचं पत्र मागा. लाजू नका. पहिल्या पगारातून मोबाइल घ्यायचा मोह होतो, घ्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या पगारातून वाहन परवाना काढा. आरटीओ पेणलाच आहे. परवाना असलेला हेल्पर आणि नसलेला हेल्पर यांत दोन-तीन वर्षांत मोठा फरक पडतो. स्टोअरमधला आपला मुलगा आता फोर्कलिफ्ट शिकतोय. परवा मला म्हणाला, "ताई, बायोडाटा नवीन करायचा." मी म्हटलं, "आता तूच लिही." त्याने लिहिला. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत, भट्टीची ओळ त्याने काढलेली नाही.

मागे टेबलावर अकरा बायोडाटा ठेवले आहेत. सात मुलगे, चार मुली. पत्ते झाकले आहेत, शिक्षण आणि काम तेवढं दिसतं. दोघांच्या खालच्या ओळीत नावं आली आहेत, नऊ कोऱ्या आहेत. कोणाला कोणाची भेट घ्यायची असेल तर माझ्या वहीत तुमचं नाव आणि सोयीचा वार लिहून जा. पेणच्या बाजूला राहणाऱ्यांनी मुद्दाम लिहा, त्यातले सहा जण तिकडचे आहेत. चहा घेता घेता बघा. कप मात्र कागदांवर ठेवू नका, आमच्याकडे एकच प्रत आहे.